फूलबागेतल्या मेणबत्त्या आणि तो पाच कलमी मेसेज

ग्वाल्हेरच्या फूलबागेत चार माणसे शांततेचे फलक धरून तासभर उभी राहिली, की रात्रीपर्यंत आमच्या लष्कर-मुरारच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज येऊन पडतोच. खाली कुणाचे नाव नसते. मथळा असतो, ‘मेणबत्तीने आजवर एकही युद्ध थांबलेले नाही’, आणि त्याखाली पाच कलमे. ओळखीतल्या निम्म्या काका-मावश्यांनी तो पुढे ढकलला आहे, आणि ही माणसे काही मूर्ख नाहीत. तेव्हा एकदा कलमवार बघू.

पहिले कलम: ‘15 फेब्रुवारी 2003 ला लाखो लोक इराक युद्धाविरुद्ध जगभर रस्त्यावर उतरले. महिन्याभरात युद्ध झालेच.’

झालेच. त्या दिवशी सुमारे 600 शहरांत मोर्चे निघाले, एकट्या लंडनमध्ये पोलिसांच्या अंदाजाने साडेसात लाख माणसे होती, आणि 20 मार्चला बगदादवर बॉम्ब पडले. बुश आणि ब्लेअर तसूभर हलले नाहीत. पण मेसेज लिहिणाऱ्याने दोनच राजधान्या पाहिल्या. अमेरिकेला उत्तरेकडून इराकमध्ये शिरण्यासाठी तुर्कस्तानची भूमी हवी होती, 62,000 सैनिक तिथे उतरवायचे होते. 1 मार्चला अंकाराच्या संसदेत त्याचा ठराव आला तेव्हा शहरात हजारोंचा मोर्चा चालू होता. ठरावाच्या बाजूने 264 मते पडली, विरुद्ध 250, तटस्थ 19. बाजूची मते जास्त असूनही ठराव पडला, कारण हजर सदस्यांचे बहुमत लागत होते आणि त्याला तीन मते कमी पडली. अमेरिकेच्या चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनची जहाजे भूमध्य समुद्रात ताटकळली आणि शेवटी सुएझमार्गे कुवेतकडे वळली. हे निव्वळ मोर्चामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पैशांची घासाघीस होती, कुर्दांचा प्रश्न होता. पण सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी सरकारला दगा दिला, तो त्यांना मतदारसंघात परत जायचे होते म्हणूनही.

आणि मग आपले घरचे उदाहरण, जे ग्वाल्हेरकरांनी तरी विसरू नये. पंतप्रधान होते अटलजी, याच गावात जन्मलेले, शिंदे की छावनीत वाढलेले. त्या उन्हाळ्यात अमेरिका भारताकडे इराकसाठी जवळपास एक डिव्हिजन फौज मागत होती, आणि द्यावी असे म्हणणारे सरकारातही होते. संसदेने एप्रिलमध्येच युद्धाची निंदा करणारा ठराव केला होता. 14 जुलै 2003 ला सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज पाठवायला नकार दिला. डाव्यांच्या गोटात एक किस्सा सांगतात: अटलजींनी कम्युनिस्ट नेते, नागपूरचे भाई बर्धन आणि सुरजीत, यांना बोलावून विचारले, तुम्ही या युद्धाला विरोध करताय ना, मग आवाज कसा ऐकू येत नाही? किश्शात तिखटमीठ किती ते सोडा. नकार द्यायचे मनात असलेल्या पंतप्रधानाला दाखवायला रस्त्यावरची गर्दी हवी असते, हे त्यात नेमके आले आहे.

माझे म्हणणे खरे तर एवढेच आहे. ज्याने ठरवूनच टाकले आहे त्याला मेणबत्ती अडवत नाही. ज्याचे पाऊल आधीच अडखळले आहे, त्याला मागे फिरायला ती मानाची वाट देते. म्हणून ‘युद्ध थांबले का’ एवढेच विचारून भागत नाही, कुणाचा निर्णय सोपा झाला आणि कुणाचा अवघड, हेही विचारावे लागते.

दुसरे कलम: ‘सरकारे अशा तमाशांकडे बघतसुद्धा नाहीत.’

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सनही असेच म्हणाले होते. ऑक्टोबर 1969 च्या व्हिएतनामविरोधी देशव्यापी निदर्शनांचा आपल्यावर अजिबात परिणाम होणार नाही, असे त्यांनी आधीच जाहीर केले. त्याच वेळी त्यांनी हनोईला गुप्तपणे 1 नोव्हेंबरची मुदत दिली होती, त्यानंतर मोठा हल्ला चढवायचा बेत होता. 15 ऑक्टोबरला निदर्शने झाली, मुदत आली आणि गेली, हल्ला झाला नाही. या निदर्शनांनी आपल्या धमकीची धार गेली, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच लिहिले. अर्थात त्यांची तक्रार अशी की त्यामुळे युद्ध लवकर संपण्याची संधी हुकली, आणि ही बाजू मेसेजवाल्यांनी वापरायला हवी होती, ती त्यांना सुचलेली दिसत नाही. अमेरिकेसाठी युद्ध संपायला जानेवारी 1973 उजाडला. पण ‘बघतसुद्धा नाहीत’ हे साफ खोटे.

तिसरे कलम आपल्या भागाचे, म्हणून जास्त टोचणारे: ‘चंबळ शांत झाली ती गोळीने. गांधींच्या फोटोने नव्हे.’

गोळीचा वाटा होताच. 1955 मध्ये डाकू मानसिंह पोलिसांच्या गोळीने मेला आणि टोळ्यांवरचा दाब वाढत गेला. पण त्याचाच मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता, तिथून त्याने विनोबांना पत्र लिहिले. मे 1960 मध्ये विनोबा भिंड-मुरैनाच्या बीहडात, म्हणजे घळींच्या रानात, पायी फिरले आणि 20 डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पोलीस खात्यातून टीका झाली, की अशाने डाकूंना उगाच मोठेपण मिळते. टीका बिनबुडाची नव्हती. टोळ्या पुढेही राहिल्या.

अकरा वर्षांनी डाकू माधोसिंह नाव बदलून पाटण्याला जयप्रकाशांकडे गेला. मग कित्येक महिने बोलणी चालली: फाशी होणार नाही, खुला तुरुंग मिळेल, बायकामुलांना आधार मिळेल. दिल्लीशी आणि भोपाळशी सगळे ठरल्यावर 14 एप्रिल 1972 ला मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या गेल्या. मोहरसिंह, माधोसिंह आणि पाठोपाठ शेकड्यांनी. खुला तुरुंग मुंगावलीला झाला.

आता तसबिरीचे काय काम होते? नुसती तसबीर लावून एकही बंदूक खाली आली नसती, हे कबूल. पण जे ठाणेदाराच्या पायाशी बंदूक ठेवणार नव्हते, त्यांनी ती बापूंच्या पायाशी ठेवली. इकडे मूंछ, म्हणजे मिशीचा मान, हा चेष्टेचा विषय नाही. शत्रूपुढे न वाकता शरण जाता आले, म्हणून ते शरण गेले. बोलणी आणि तसबीर, दोहोंपैकी एक काढा आणि जौरा घडत नाही. डाकू संपले का? नाही. बेहमईचे हत्याकांड 1981 मधले. पण फेब्रुवारी 1983 मध्ये फूलनदेवीने भिंडला शस्त्रे ठेवली तेव्हाही मंचावर गांधी आणि दुर्गा यांच्या तसबिरी होत्या, आणि तो मंच मुख्यमंत्री अर्जुनसिंहांचा होता. ज्या सरकारकडे बंदुका होत्या त्यालाच ती तसबीर लागली.

चौथे कलम: ‘फुकटचे असते. फोटो काढायचे, घरी जायचे.’

निम्मे मान्य. बहुतेक मेणबत्त्या फोटोपुरत्याच पेटतात, आणि फूलबागेतल्याही बऱ्याच. पत्रकार कुलदीप नय्यर आणि त्यांचे सोबती वाघा सीमेवर वर्षानुवर्षे ऑगस्टच्या मध्यरात्री मेणबत्त्या लावत आले, त्याने कारगिल टळले नाही. (फुकटेपणावर रागावलेल्या या मेसेजची शेवटची ओळ ‘दहा ग्रुपवर पाठवा’ अशी आहे, तेही जाता जाता.)

मात्र प्रतीक स्वस्तच असले पाहिजे असे नाही. लायबेरियात यादवी युद्ध चालू असताना 2003 मध्ये लेमा बोवी यांच्यासोबत ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ उन्हापावसात रोज बसल्या. रस्त्याने जाणाऱ्या राष्ट्राध्यक्ष टेलरला त्या दिसतील अशी ती जागा होती. घानातल्या अक्रा शहरात तहाच्या वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्या तिथे जाऊन हातात हात गुंफून दारातच बसल्या आणि तह होईपर्यंत कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. 18 ऑगस्टला करार झाला. टेलरवर बंडखोरांचा आणि बाहेरच्या देशांचा दाब होता, तो वेगळा. पण आतली माणसे आरामशीर हॉटेलात दिवस काढत होती, तो आराम या बायकांनी मोडला. नेमके दार आणि नेमकी माणसे हेरून केलेले प्रतीक असे असते. आमच्याकडच्या फलकांवर मात्र ‘विश्वशांती’ लिहिलेले असते. कुणी काय करावे, ते लिहिलेले नसते.

पाचवे कलम: ‘हा जवानांचा अपमान आहे, आणि तोही हवाई दलाच्या गावात.’

महाराजपुऱ्याच्या तळाचा आम्हालाही अभिमान आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटला गेलेली मिराज विमाने इथलीच. पण 1960 मध्ये बीहडात डाकूंपर्यंत निरोप नेणारा, त्यांना विनोबांपर्यंत आणणारा माणूस कुणी फक्कड सर्वोदयी नव्हता. त्यांचे नाव मेजर जनरल यदुनाथ सिंह.