घाटाखालचा थांबा आणि वडा
जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या खाण्याच्या थांब्यांवर एक लेख वाचला. एक्स्प्रेस-वेने तिथली हॉटेलं डबघाईला आणली, असं त्यात म्हटलंय. अर्धंच खरं. २००२ साली एक्स्प्रेस-वे पूर्ण सुरू झाला, गिऱ्हाईक तुटलं, मान्य. पण बोरघाटाच्या पायथ्याच्या खोपोलीला थांबा पडला तो मुळात घाटामुळे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३०चा. पुढे मोटारी आल्या, त्यांची इंजिनं चढणीला तापायची आणि उतरताना ब्रेक. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं, म्हणून गाडी निवेपर्यंत थांबणं भाग. तेवढ्या वेळात हातात पडेल असाच पदार्थ तिथे चालणार: वडा. (मिसळही, पण ती बसून खायची.)

वड्याचं तंत्र लेखात हवं होतं. बटाटा सालासकट उकडून पूर्ण गार करायचा, हाताने फोडायचा. गरम कुस्करला की चिकट होतो. किलोभर बेसनाला शंभरेक ग्रॅम तांदळाचं पीठ, कडकडीत तेलाचं मोहन, सोडा चिमूटभरच. सोडा वाढला की आवरण तेल पितं. दोन एसट्या एकदम आल्या की कढई गच्च भरतात, तेल निवतं, वडा तेलकट. रविवारी संध्याकाळी हेच होतं, तेव्हा पुण्याहून जाणाऱ्यांनी सकाळी लवकर गाठावं.