मालकाकडून उत्तर : ते खोबरेल नव्हतं

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय वाचला. तुमचा ट्रक आमच्याकडं पॉलिश करूनही आठ दिवसांत पुन्हा फिका पडला, वर धूळ चिकटली, याबद्दल मनापासून माफी मागतो. कराडच्या आसपास हायवेला एवढी गॅरेजं असताना आपण आमच्याकडे वळलात, हे आम्ही विसरलेलो नाही.

पण तुम्ही लिहिलंय, "रॉकेल आणि खोबरेल तेल चोपडून १८०० रुपये घेतले, चार तास बसवून ठेवलं, घाण पाण्यातल्या फडक्यांनी गाडी पुसली, फसवणूक आहे, कुणी जाऊ नका." बाकीचं एक वेळ सोडून दिलं असतं. खोबरेलाचं सोडता येत नाही. काल एका जुन्या गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, "काय हो, डोक्याला लावायचं ते आता गाडीला लावताय काय?" तो हसत होता, मला काही हसू आलं नाही.

आधी दिवस कुठला होता ते सांगतो. तुम्ही आलात खंडेनवमीला, संध्याकाळी सव्वापाचला. बफिंग मशीन, कॉम्प्रेसर, स्प्रे गन, पान्हे, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या. त्या दिवशी आमच्यात हत्याराला हात लावत नाहीत. तुम्हीही गाडीवाले, हे तुम्हाला सांगायला नको. शटर अर्धं ओढलं होतं, पोरं घरी गेली होती. तरी तुम्ही म्हणालात, "उद्या दसरा, पूजेला गाडी चमकली पाहिजे, पुढचं पुढं बघू." मी म्हणालो, मशीन उचलणार नाही, हातानं जे होईल ते करतो, आणि ती चमक टिकाऊ नसेल. तुम्ही "चालतंय" म्हणालात. मग दोघांना फोन करून बोलावलं. एक तर ताटावरून उठून आला.

चार तासांचं म्हणाल, तर त्यातला तास-सव्वा तास नुसती धुलाई चालली होती. पावसाळाभराचा चिखल होता, साहेब. फाळक्याच्या, म्हणजे माल भरायच्या हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूच्या, बिजागऱ्यांत तर माती दगडासारखी बसली होती.

आता तेलाचं. तुमची गाडी लाल, आणि लाल रंग उन्हात फार लवकर फिका पडतो. केबिनवरून हात फिरवला तर तळव्याला गुलाबी खडू लागत होता, तो मी तुम्हाला दाखवला होता. रंगाची भुकटी धरून ठेवणारं जे रोगण असतं ते उन्हानं मेलं की भुकटी मोकळी होते, उजेड नीट परतत नाही आणि गाडी पांढुरकी दिसते. खरा इलाज म्हणजे कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) लावून मशीननं मेलेला थर काढायचा, खालचा जिवंत रंग वर आणायचा आणि त्यावर वॅक्स. तेही रंग पुरेसा जाड असेल तर, नाहीतर कोपऱ्यांवर प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, उघडा पडतो. आणि मशीन तर पाटावर होतं.

म्हणून वडिलांच्या वेळचा उपाय केला. जवसाचं उकळलेलं तेल, हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल म्हणून मिळतं ते, त्यात टर्पेंटाइन, आणि जुन्या सुती धोतराचं फडकं. जवसाची चटणी घरोघरी होते म्हणून याला घरगुती म्हणा, माझी हरकत नाही. पण तैलचित्रं काढणारेसुद्धा जवसाचंच तेल वापरतात. खोबरेल लावलं असतं तर ते कधीच वाळलं नसतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्याची पातळ पापडी धरते, ती रंगातल्या बारीक फटी भरते आणि पत्रा परत रंगावर आल्यासारखा दिसतो. दोन-तीन महिने जातात, पावसात कमी. फक्त त्याला वाळायला वेळ द्यावा लागतो. एक रात्र तर हवीच, खरं म्हणजे अख्खा दिवस.

म्हणूनच म्हणालो होतो, गाडी रात्री इथंच राहू द्या, सकाळी सहाला कोरड्या फडक्यानं शेवटचा हात फिरवून देतो, नऊच्या आत घरी पूजेला पोचाल. तुम्ही रात्री सव्वानऊला गाडी काढलीत. बरं, घरी नेऊन उभी केली असती तरी चाललं असतं. पण तुम्ही इथं टाकलेल्या फोटोत बोनेटवर झेंडूचा हार अजून ताजा आहे आणि मागं खडीचा क्रशर दिसतोय. ओल्या तेलावर क्रशरची भुकटी बसल्यावर काय होणार? मग धूळ निघेना म्हणून ती कपड्याच्या पावडरनं घासली, हे तुमच्या ड्रायव्हरनंच मला फोनवर सांगितलं. त्या पावडरीनं धूळ गेली आणि तेलही गेलं. त्याला बोलू नका, बिचाऱ्यानं चांगल्यासाठीच केलं.

रॉकेलचं तर काय बोलायचं. रेशनला मिळायचं ते दिवस गेले, आणणार कुठून? डिझेलचा बोळा फिरवणारे आहेत हायवेला. पाच मिनिटांत चमक येते आणि रंग मऊ पडून खराब होतो. आमच्या वडिलांनी ते कधी करू दिलं नाही. ते मूळचे लिहिणारे, मागच्या फाळक्यावर "हॉर्न ओके प्लीज" आणि कमळं काढायचे. २०१५ साली राज्याच्या परिवहन खात्यानं ते लिहायला बंदी केली आणि आमचं निम्मं काम बसलं. तेव्हापासून धुलाई, टचअप, पॉलिश यावरच घर चालतं. म्हणून एका स्टारचं एवढं लागतं.

बादलीचा फोटोही टाकलाय तुम्ही. त्या फडक्यांनी गाडी पुसली नाही, पुसून झाल्यावर ती पाण्यात टाकली. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात ठेवली तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. शेजारी टायरवाला आहे. तिथं विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं.

पैशांचं एवढंच. २००० सांगितले होते, १८०० वर तुम्ही आणलेत. सणाच्या संध्याकाळचे दोन पोरांना पाचशे-पाचशे, धुलाईचे चारशे, तेल-टर्पेंटाइन-फडकी तीनशे. मला राहिले शंभर, त्यात तुमचे दोन चहा आणि वडापाव झाले. त्यांचा हिशेब मांडायला नको होता, पण आता लिहून गेलो.

आमचंही चुकलं. पावतीवर नुसतं "पॉलिश" लिहिलं, "तात्पुरती चमक" असं स्वच्छ लिहायला हवं होतं. धाकट्या पोरानं डाव्या फाळक्यावर तेल जरा जाड लावलं होतं, अंधारात माझ्या लक्षात आलं नाही. आणि सणाच्या आदल्या दिवशी नाही म्हणायला शिकलं पाहिजे, हे घरचेही सांगतात. यापुढे पावतीचं बघतो, एखादा बोर्डही लावू.

तुमचा ऊस वाहतुकीचा हंगाम सुरू व्हायच्या आत एकदा गाडी घेऊन या. केबिनला कंपाउंड मारून बघू, मजुरीचं समजून घेऊ. फक्त सकाळी या, आणि रात्री गाडी इथं ठेवायची तयारी असेल तरच.

आपला,
गॅरेज मालक