खुलासा : उत्पादन नकाशावरचा लाल पट्टा म्हणजे ‘जास्त खत टाका’ असा अर्थ नाही

हार्वेस्टरच्या उत्पादन नकाशावर (कापणी करताना शेताच्या कुठल्या भागात किती पिकलं ते दाखवणारा नकाशा) जिथे लाल रंग, म्हणजे कमी उत्पादन, दिसतो तिथे खताची मात्रा वाढवली की पुढच्या हंगामात शेत एकसारखं पिकतं, असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो अर्धवट आहे.

नकाशा उत्पादन किती कमी आलं ते सांगतो, का कमी आलं ते नाही. पाणी साचणं, उथळ किंवा दबलेली जमीन, बिघडलेला सामू (मातीची आम्ल-विम्लता), तण, यातलं काहीही असू शकतं. दबलेल्या जमिनीत मुळंच खाली जात नसतील, तर वाढीव नत्र वाया जातं, निचऱ्यावाटे वाहून जातं. स्फुरद-पालाशचा हिशोब तर बहुधा उलटाच निघतो: कमी पिकलेल्या भागात पिकाने केलेली उचल कमी, म्हणून जमिनीत शिल्लक जास्त.

शिवाय लाल पट्टा खोटाही असतो. कापलेला दाणा यंत्रातल्या उत्पादन मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचायला १०-१५ सेकंद लागतात. ताशी ५ किलोमीटर वेगाने १२ सेकंदांत यंत्र सुमारे १७ मीटर पुढे गेलेलं असतं. नकाशा बनवताना या उशिराची दुरुस्ती चुकली की पट्टे सरकतात. अर्ध्या रुंदीची कापणी पूर्ण रुंदी म्हणून नोंदली, तर उत्पादन निम्मं दिसतं. बांधाकडेच्या वळणांच्या नोंदी गाळाव्याच लागतात.

किमान तीन हंगामांचे नकाशे जुळवा. सातत्याने कमी पिकणाऱ्या भागाचं वेगळं माती परीक्षण करा, खड्डा खणून मुळं पाहा, मगच खताच्या कमी-जास्त मात्रेचा नकाशा बनवा. एक पट्टा नेहमीच्या मात्रेचा ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्या गटात टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.