‘एका स्कॅनमध्ये किडीचा धोका कळतो’ : हा दावा कुठे कुठे फसतो

‘तोंडाचं डिजिटल स्कॅन करा, दात किडण्याचा धोका लगेच कळतो. पडद्यावर लाल खूण आली की लगेच भरून घ्या, नाही आली तर निश्चिंत राहा.’ हा सल्ला सध्या पुढे पाठवला जातोय. त्यातला एकेक भाग तपासू.

‘स्कॅनमध्ये धोका कळतो.’ नाही. स्कॅन सांगतं आजचा दात कसा आहे. धोका म्हणजे पुढे काय होऊ शकतं. त्यासाठी पहिला प्रश्न अगदी साधा आहे: गेल्या 3 वर्षांत नवी कीड लागली का, फिलिंग करावं लागलं का? याच्याइतका भरवशाचा दुसरा एकटा निकष नाही. दुसरा प्रश्न, दोन जेवणांच्या मधे गोड किती वेळा तोंडात जातं. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते इथे महत्त्वाचं, कारण दर खेपेला काही मिनिटांत प्लाकचा (दातावरच्या चिकट जंतूंच्या थराचा) पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), 5.5 च्या खाली येऊ शकतो, इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) विरघळू लागतं आणि पीएच पूर्ववत व्हायला बहुधा अर्धा ते एक तास जातो. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल तर ते पीएच 6 च्या वर असतानाच झिजू लागतं.

मग लाळ. ही चाचणी बहुतेक ठिकाणी टाळली जाते आणि ते चूक आहे. आधी तासभर खाणं, पिणं, ब्रश काहीही नको. मेणाचा तुकडा 5 मिनिटं चघळायचा, लाळ खुणा असलेल्या पेल्यात थुंकत राहायची. फेस मोजायचा नाही, तो धरला की आकडा फुगतो. मिनिटाला 1 मिलि किंवा जास्त लाळ ठीक, 0.7 च्या खाली असेल तर ॲलर्जीची वा नैराश्याची औषधं चालू आहेत का, डोक्यामानेला रेडिएशन दिलंय का, हे विचारायलाच हवं.

स्वीडनमधल्या माल्मो इथे तयार झालेला कॅरिओग्राम हा प्रोग्रॅम हेच सगळं घेऊन वर्तुळचित्र काढतो. त्यातला हिरवा भाग म्हणजे नवी कीड टळण्याची शक्यता. म्हणजे संगणक धोका काढतो, पण विचारून आणि मोजून भरलेल्या माहितीवरून.

‘लाल खूण आली की भरा.’ यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. 655 नॅनोमीटरचा लेसर वापरणारं यंत्र किडीचा अंदाज म्हणून 0 ते 99 असा आकडा देतं (जास्त आकडा म्हणजे किडीचा संशय जास्त), पण डाग, टार्टर (दातावर साचून कडक झालेला थर), खाचेत उरलेली पॉलिशची पेस्ट यांनीही तो चढतो. दात स्वच्छ करून, धुऊन, वाळवूनच मोजायचं. एक्स-रेवर खुणा करणारी एआय प्रणालीही चुकते: शेजारच्या दाढा एकमेकींवर आलेल्या असल्या, किंवा हिरडीजवळ नेहमीच दिसणारा काळसर पट्टा असला, तरी तिला कीड ‘दिसू’ शकते. गृहीत धरा, 1000 पृष्ठभागांपैकी 50 किडलेले आहेत. प्रणाली त्यातले 80 टक्के पकडते आणि निरोगी पृष्ठभागांपैकी 90 टक्के बरोबर सोडते. तर 40 खऱ्या खुणा, 95 खोट्या.

खूण खरी असली तरी प्रश्न उरतोच: पृष्ठभाग फुटलाय का? पांढरा डाग असेल आणि वरचा थर शाबूत असेल, तर 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश (दातावर लावायचा लेप) 3 ते 6 महिन्यांनी लावून आणि गोडाच्या खेपा कमी करून तो थांबवता येतो. दोन दातांमधलं दिसत नसेल, तर रबरी सेपरेटर 2-3 दिवस ठेवून फट पाडता येते आणि थेट पाहता येतं. एकदा ड्रिल केलेला दात पुन्हा अखंड होत नाही; फिलिंगची कड पुढे आयुष्यभर सांभाळावी लागते.

‘नाही आली तर निश्चिंत.’ पृष्ठभाग टिपणाऱ्या स्कॅनरला प्रकाश पोहोचेल तेवढंच दिसतं, दात जिथे एकमेकांना टेकतात ती जागा नाही. एक्स-रेवर डाग उमटायलाही साधारण 30 ते 40 टक्के खनिज गेलेलं असावं लागतं. म्हणून लाळ आटलेल्या माणसाचा एक्स-रे स्वच्छ असला तरी त्याचा धोका जास्तच धरायचा. जास्त धोक्याच्या प्रौढाला बाइटविंग (दात एकमेकांना टेकतात ती जागा दाखवणारा एक्स-रे) 6 ते 18 महिन्यांनी, कमी धोक्याच्याला 24 ते 36 महिन्यांनी.

डिजिटलचा खरा फायदा तुलनेत आहे. होल्डर लावून त्याच कोनातून घेतलेले दोन एक्स-रे शेजारी ठेवले की डाग वाढला की थांबला ते दिसतं. म्हणून पहिल्या भेटीतली मूळ फाइल मागून घ्या. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो त्या कामाचा नाही.