पोरीच्या पासपोर्टला आईबापाच्या लग्नाचा दाखला कशाला हवा?

आज दुपारी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर साखरपुड्याला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत ओळखीतल्या एका बाईंनी माझ्या मावशीला सगळ्यांदेखत विचारलं, "नातीचा पासपोर्ट आला म्हणे! मग बापाचं नाव काय लावलं?" मावशी काही बोलली नाही. ताट ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली. दुसऱ्याच्या घरचं कार्य होतं म्हणून मी तिथे गप्प राहिले. इथे राहणार नाही. मावशीला आणि बहिणीला विचारूनच लिहितेय, नावं तेवढी लिहीत नाही.

माझी मावसबहीण सिडकोत वाढलेली, नोकरीसाठी युरोपात गेलेली. तिथे एका परदेशी मुलासोबत राहत होती. लग्न केलेलं नव्हतं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तो निघून गेला. ती खंबीर राहिली, नोकरी सांभाळून एकटीने बाळंतपण निभावलं. यावर कुणाला काही बोलायचं असेल तर माझ्या वॉलवर बोलू नये. माझ्या यादीतली माणसं बोलणारही नाहीत, मी ओळखते तुम्हाला.

तिथल्या पालिकेने जन्मदाखला दिला. आईचं नाव, बापाची जागा रिकामी. कुणी भुवई उंचावली नाही. पण तिथे जन्मलं की तिथलं नागरिकत्व असं तिकडे नसतं. बापाने मूल आपलं म्हणून मान्य केलेलं नाही, म्हणजे त्याच्या देशाचं दारही बंद. राहिला आपला देश. आणि आपला कायदा या बाबतीत चांगला आहे, हे मला ठासून सांगायचंय! १९५५ चा नागरिकत्व कायदा, कलम ४. १० डिसेंबर १९९२ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय असलं की पुरतं. (त्याआधी फक्त बापावरून ठरायचं. म्हणजे ९१ साली परदेशी माणसाशी रीतसर लग्न केलेली आपली एखादी नर्स आखातात बाळंत झाली असती, तरी तिचं मूल आईवरून भारतीय नागरिक ठरलं नसतं. आईची किंमत शून्य.) ३ डिसेंबर २००४ पासून एक अट वाढली. जन्मानंतर वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करायची आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बस. आईबापाच्या लग्नाची अट त्या कलमात कुठेही नाही.

मग खिडकीवर बसलेल्या माणसाने लग्नाचा दाखला कुठल्या अधिकारात मागितला?

परदेशातलं आपलंच कार्यालय, कुठलं ते सांगत नाही. बहीण तान्ही लेक पोटाशी बांधून गेलेली. तो म्हणाला, "मॅरेज सर्टिफिकेट." ती म्हणाली, लग्न झालेलं नाही. "मग डिव्होर्सचे पेपर." लग्नच नाही तर घटस्फोट कसला? फाइल परत. पुढच्या वेळी बापाचं संमतिपत्र आणा. तो माणूस फोन उचलत नाही, संमती कुठून आणायची? फाइल परत. नंतर कुणीतरी सुचवलं की बहिणीच्या आईवडिलांकडून भारतातून शपथपत्र आणा. तिशी ओलांडलेली, स्वतः कमावणारी बाई, तिच्या बाळासाठी तिच्या वडिलांची सही!

आणि मावशी-काका गेले. सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाबाहेर जे टायपिंगवाले बसतात तिथे, भर उन्हात. मी सोबत होते. टाइप करणारा चांगला मुलगा होता, पण त्याची सवय मजकूर मोठ्याने वाचत टाइप करायची. "सदर मुलगी ही अविवाहित असून..." आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले. काकांनी आयुष्यभर सातपूरच्या कारखान्यात मान खाली घालून नोकरी केली, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. ते त्या मुलाला म्हणाले, "वाच बाळा, मोठ्याने वाच. माझीच नात आहे." काका कुठल्या चळवळीत नव्हते, स्त्रीमुक्ती हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

माझा राग आहे तो यावर, की कायद्याने न मागितलेली लाज आपण कागदाकागदावर वसूल करतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित आईने आपल्या पोटच्या मुलाचा जन्मदाखला मागितला तर फक्त तिचं शपथपत्र घ्या आणि दाखला द्या. तिचं! तिच्या बापाचं नव्हे. आणि आपल्या महाराष्ट्रात तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. आपल्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एवढा मोठा राजा आईच्या नावाने ओळखला गेला, आणि आज नाशिकच्या लॉन्सवर आजीला विचारतात, बापाचं नाव काय लावलं?

बाहेरचे देश फार पुढे आहेत असंही नाही बरं. इंग्लंडमध्ये १ जुलै २००६ च्या आधी जन्मलेल्या मुलाला लग्न न केलेल्या ब्रिटिश बापाकडून आपोआप नागरिकत्व मिळत नव्हतं. जपानमध्ये जपानी बापाने जन्मानंतर मूल आपलं म्हणून मान्य केलं, तरी परदेशी आईशी लग्न केलं नाही म्हणून मुलाला नागरिकत्व नाकारत होते. फिलिपिनो आयांची मुलं कोर्टात गेली आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. अमेरिकेतलं प्रकरण वाचून तर मला झोप लागली नाही. व्हिएतनाममधल्या सायगावमध्ये जन्मलेला मुलगा, लहानपणापासून अमेरिकन बापाने टेक्सासमध्ये वाढवलेला, डीएनए ९९.९८ टक्के जुळलेला. तरी नागरिकत्वाचा खटला २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरला, कारण लग्न न केलेल्या बापाने पितृत्वाचे कागद मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत करायला हवे होते. तो मुलगा मोठेपणी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला होता, हे खरं. पण गुन्ह्याची शिक्षा वेगळी आणि तू या बापाचा नाहीस म्हणणं वेगळं.

खोटे बाप उभे करून नागरिकत्व लाटणारे असतात, हेही मान्य. करा ना तपासणी. डीएनए करा, दवाखान्याचे कागद बघा. पण आईच्या बाबतीत कसला संशय? दवाखान्याच्या नोंदीत तिचं नाव आहे, पासपोर्ट भारताचा आहे. शंका घ्यायला जागाच नाही, तिथे फक्त तोंड वाकडं करायला जागा आहे.

शेवटी त्याच कार्यालयातल्या एका वरिष्ठ बाईंनी फाइल उघडली, कलम वाचलं आणि बहिणीचंच शपथपत्र घेऊन नोंद केली. वर्ष संपत आलेलं होतं. त्या बाईंचे आभार मानायचे की आधीच्यांना शिव्या द्यायच्या, मला अजून कळत नाही. दुसरीकडे एखादी मुलगी फाइल परत आल्यावर रडून घरी बसली असेल आणि वर्ष उलटून गेलं असेल. तिच्या बाळाचं काय झालं असेल? ते बाळ आज कुठल्या देशाचं आहे?

मावशी आता जरा शांत आहे. मघाशी फोन केला तर नातीसाठी नाचणीचं पीठ दळून ठेवायचं म्हणत होती, दिवाळीला दोघी येणार आहेत. ज्या बाईंनी विचारलं त्याही ही पोस्ट वाचतील, नाशिक काही फार मोठं नाही. बाई, पासपोर्टवर आईचं नाव लावलंय.

कुणाची मुलगी, बहीण, मैत्रीण परदेशात अशा परिस्थितीत असेल तर वर्षाची मुदत लक्षात ठेवायला सांगा. फाइल परत दिली तर कारण लेखी मागायला सांगा, अर्ज दिल्याची पोच घ्यायला सांगा. बहिणीने दिलेल्या शपथपत्राचा मसुदा माझ्याकडे आहे. इनबॉक्समध्ये मागा, मी कुणालाही काही विचारणार नाही.