म्हणे, एक सण, एक तारीख, एकच शुभेच्छा!

चैत्र जवळ आला की, आणि मग पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, एक लांबलचक संदेश नागपुरातल्या सोसायट्यांच्या, नातेवाइकांच्या, शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर येऊन पडतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण म्हणणं तेच. हिंदूंचं नववर्ष एकच, ते म्हणजे गुढीपाडवा. दिवाळीत नववर्षाच्या शुभेच्छा देणारे अडाणी. आपले सण खगोलशास्त्राप्रमाणे ठरलेल्या एकाच दिवशी येतात. दोन तारखा दिसल्या तर समजा, कुणीतरी सणात फूट पाडतंय. दिवाळीची रोषणाई अंतराळातूनही दिसते, पुरावा म्हणून नासाचा फोटो जोडलाय. पितृपक्षात कुणालाही शुभेच्छा देऊ नका. आणि मुळात शुभेच्छा देणं ही इंग्रजांची सवय, पूर्वजांना ती ठाऊक नव्हती. तरी द्यायच्याच असतील तर खाली दिलेल्या शब्दांतच द्या.

पाडव्यापासून सुरुवात करू. तो आपला वर्षारंभ आहे, यात वाद नाही. शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो, तेलुगू आणि कन्नड घरांत त्याच दिवशी उगादी, काश्मिरी पंडितांचा नवरेहही त्याच दिवशी. पण इतवारीतल्या गुजराती पेढीवर जा. तिथे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळी पाडव्याला, विक्रम संवत बदलतं आणि ‘साल मुबारक’ म्हणतात. कच्छी माणूस असेल तर त्याचं नवं वर्ष आषाढी बीजेला. बंगाली, तमिळ, मल्याळी, पंजाबी घरांत वर्ष सूर्यावर चालतं, म्हणून पोहेला बैशाख, पुथांडू, विषू, बैसाखी हे सगळे १४ एप्रिलच्या आसपास येतात. जरीपटक्यातली सिंधी मंडळी चेटीचंड साजरा करतात तो पाडव्याला किंवा दुसऱ्या दिवशी. यातला अडाणी कोण ते संदेश लिहिणाऱ्यानंच सांगावं. मराठी व्यापाऱ्याची वहीसुद्धा परंपरेनं बलिप्रतिपदेलाच बदलते. पाडव्याला दारात गुढी आणि दिवाळीत दुकानात नवी वही, असं एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्या घरात कुणाचा गोंधळ उडालेला नाही.

याच मुद्द्याला एक शेपूट असतं: पाडव्याला सूर्य विषुववृत्तावर असतो, दिवस-रात्र समान असतात, म्हणून हेच सृष्टीचं खरं नववर्ष. पाडव्याच्या तारखा नुसत्या ओळीनं मांडा. २०२३ मध्ये २२ मार्च, २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च, २०२६ मध्ये १९ मार्च. दिवस-रात्र समान होतात २०-२१ मार्चच्या सुमारास. बारा चांद्रमास सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी कमी भरतात, म्हणून पाडवा दरवर्षी मागे सरकतो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे ढकलला जातो. २०२३ च्या अधिक श्रावणानंतर तो एकदम ९ एप्रिलला गेला, तो असा. विषुवदिनाशी बांधलेलं भारतीय वर्ष हवंच असेल, तर तेही आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सुचवलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तिच्यात १ चैत्र दरवर्षी २२ मार्चला येतो, लीप वर्षात २१ मार्चला. त्या दिवशी मात्र एकही शुभेच्छा येत नाही. कोणत्याच ग्रुपवर.

आता दोन तारखांचा मुद्दा. इथे थोडं थांबावं लागेल, कारण नागपूरइतका या बाबतीत शिकवणारा गाव मला दुसरा माहीत नाही. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे मराठी आणि हिंदी घरं इथे भिंतीला भिंत लावून राहत आली आहेत. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. २०२५ मध्ये हिंदी शेजाऱ्यांचा सावन ११ जुलैला लागला आणि पहिला सोमवार १४ जुलैला झाला. आपला श्रावण लागला २५ जुलैला, पहिला सोमवार २८ जुलैला. म्हणजे पंधरा दिवस जिन्यात एकच संवाद. “क्या काकू, आपका उपास नहीं?” “अहो भाभीजी, आमचा श्रावण लागू तर द्या!” यात फूट कुठे आली? राखी पौर्णिमा दोघींची ९ ऑगस्टलाच.

कारण शुक्ल पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे सारखंच असतं. कृष्ण पक्षाच्या नावात तेवढा फरक. म्हणून गणेशचतुर्थी, दसरा, रामनवमी या तिथींचं नाव सारखं आणि दिवसही तोच. कृष्ण पक्षात मात्र दिवस तोच राहतो, महिना बदलतो. आपली दिवाळी अश्विन अमावास्येला, त्यांची कार्तिक अमावास्येला. आपला पोळा श्रावण अमावास्येला येतो, त्यांच्या पंचांगात ती भाद्रपदाची अमावास्या असते. आणि ज्या पाडव्याला ‘एकमेव’ म्हटलंय त्याचीही गंमत बघा. उत्तरेत चैत्र होळीच्या दुसऱ्या दिवशी लागतो, पण संवत बदलतं शुक्ल प्रतिपदेला. म्हणजे चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात आणि दुसरा नव्या! हे कुणी फूट पाडायला केलेलं नाही, शतकानुशतकं ते तसंच आहे.

दोन वेगळ्या दिवशी एकच सण, असंही होतं. २०२४ ची दिवाळी आठवते ना? कुणी ३१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन केलं, कुणी १ नोव्हेंबरला, आणि दोन दिवस सगळे ग्रुप तापलेले. अमावास्या ३१ तारखेला दुपारी ३.५२ ला लागली आणि १ तारखेला संध्याकाळी ६.१६ ला संपली. नागपुरात त्या सुमारास सूर्य साडेपाच वाजून थोड्याच वेळात मावळतो, म्हणजे प्रदोषकाळात, सूर्यास्तानंतरच्या पूजेच्या वेळेत, अमावास्या दोन्ही दिवशी होती. पूर्ण रात्र अमावास्येची हवी म्हणणाऱ्यांनी पहिला दिवस धरला. दोन्ही दिवशी प्रदोष मिळत असेल तर दुसरा घ्यावा म्हणणाऱ्यांनी दुसरा. महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते, दिवस २४ तासांचा. हा पेच पडणारच, आणि तो जुना आहे. कमलाकर भट्टांनी १६१२ साली काशीत निर्णयसिंधु लिहिला, पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधु लिहिला, ते असेच पेच सोडवायला. सण आपोआप एकाच दिवशी आले असते तर या ग्रंथांत एवढी पानं तिथिनिर्णयावर खर्ची पडलीच नसती.

आणि हे ‘आपण विरुद्ध उत्तरेकडचे’ असंही नाही. मराठीतच टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत. त्यांची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होते, कारण राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा यात सुमारे चार अंशांचा फरक आहे. अधिक मास वेगळा आला तर त्यांचा गणपतीही महिनाभर आधी बसतो, २०२३ मध्ये तसा बसलाच. बाकीच्यांची संक्रांत तरी कुठे जागेवर आहे? विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. ताऱ्यांवरून मोजलेलं निरयन वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं, म्हणून साधारण ७०-७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. तिळगुळाची चव त्यामुळे कमी होत नाही, पण ‘आपले सण खगोलाशी शंभर टक्के जुळतात’ हे वाक्यही टिकत नाही.

शास्त्र एवढं प्यारं असेल तर या मंडळींनी निदान संकष्टीला लक्ष द्यावं. चतुर्थीच्या शुभेच्छांच्या चित्रावर खाली चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ती पुष्कळदा मुंबईची. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून जास्त, त्यामुळे चंद्र इथे तिथल्यापेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. दिवसभर उपाशी असलेली माझी आत्या मोबाइलमधली वेळ होईस्तोवर ताट झाकून बसते, आणि चंद्र गच्चीवर केव्हाचा आलेला असतो.

नासाचा फोटो लवकर उरकतो. भारताचा नकाशा रंगीबेरंगी दिव्यांनी भरलेला दाखवणारं ते चित्र दिवाळीच्या रात्रीचं नाहीच. अमेरिकेच्या नोआ या संस्थेतल्या ख्रिस एल्विज यांनी संरक्षण खात्याच्या हवामान उपग्रहांची वेगवेगळ्या वर्षांतली माहिती एकावर एक ठेवून ते बनवलं. १९९२, १९९८, २००३ असे टप्पे धरून कुठले दिवे केव्हा वाढले ते रंगांनी दाखवलंय. दर दिवाळीला ते फिरतं, म्हणून नासानं १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचं खरं उपग्रहचित्र प्रसिद्ध केलं आणि सांगितलं की दिवाळीचा जादा उजेड अंतराळातून जाणवण्याइतका नसतो. मुळात शहरांचेच दिवे एवढे असतात की पणत्यांचा काय पाड लागणार!

पितृपक्षात शुभेच्छा नकोत, हा मुद्दा नागपुरात बसून लिहायला धाडस लागतं. इथे त्याच पंधरवड्यात गणपती बसतो. हाडपक्या गणपती, मस्कऱ्या गणपती. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली प्रथा म्हणून शहराच्या महाल भागात तो आजही मानानं बसतो. अनंत चतुर्दशीला एक गणपती गेला की पितरांच्या दिवसांत दुसरा येतो. घरात श्राद्ध आणि गल्लीत आरती, दोन्ही होतं. बरं, ज्यानं कुणी या काळात पक्ष घालायचा, पितरांना जेवू घालायचं, त्याला आपण होऊन ‘शुभ’ म्हणायला कुणी जातही नाही. एवढं शहाणपण नियमाशिवाय असतं. उलट संदेशात जे हवं होतं ते नाही. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलंय तिथे सण करत नाहीत, गोडधोड शिजत नाही, शेजारीपाजारी फराळ नेऊन देतात. अशा घराच्या नंबरवर पहाटे सहाला फटाके उडवणारी चित्रफीत सगळ्यांसोबत ढकलून दिली जाते. त्यावर एक ओळ लिहिली असती तर मीच तो संदेश पुढे पाठवला असता.

राहिली शुभेच्छा इंग्रजांकडून आल्याची गोष्ट. छापील कार्ड त्या वाटेनं आलं, मान्य. पण संक्रांतीला ‘तिळगुळ घ्या, गोड बोला’ म्हणत घरोघर जाणं, दसऱ्याला आपट्याची पानं हातात देऊन ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणणं, मोठ्यांच्या पाया पडणं, भाऊबीजेचं औक्षण, हे सगळं काय कार्डाच्या दुकानातून निघालं? फरक एवढाच की आपल्याकडे शुभेच्छा रिकाम्या हाती सहसा जात नाही. पान, तीळ, फराळाचं ताट, काहीतरी असतंच. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी सजवून दारोदार येतात आणि घरातल्या मोठ्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यावा लागतो. नुसतं ‘पोळ्याच्या शुभेच्छा बरं का बेटा’ म्हणून कुणी सुटून दाखवावं!

आणि त्याच दिवशी या शहरात जे होतं ते तर कुठल्याच यादीत बसणार नाही. मारबत म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते असं मानतात. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. रस्ता दुतर्फा भरलेला, आणि गर्दी ओरडते, “ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा त्या वर्षी राग असेल त्याचं नाव पुढे जोडलं जातं. गावाचं भलं चिंतायची हीही एक रीत, फक्त वाईटाला हाकलून. हे इंग्रजांकडून घेतलं म्हणणाऱ्यानं हे तरी आठवावं की काळ्या मारबतीची जी कथा इथे सांगतात, तिच्यात राग भोसल्यांच्या घरातली बांकाबाई इंग्रजांना सामील झाल्याचाच आहे.

‘खाली दिलेल्या शब्दांतच द्या’ हा शेवटचा हुकूम. यादीत दसऱ्यासाठी एक वाक्य दिलेलं असतं, भेटेल त्या प्रत्येकाला म्हणायचं. विजयादशमीला नागपुरात कोण कोण भेटतं? रेशीमबागेत संघाचा उत्सव असतो, संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीची. कस्तूरचंद पार्कावर रावण जळतो. आणि दीक्षाभूमीवर देशभरातून बौद्ध बांधव आलेले असतात, कारण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली तेव्हा विजयादशमी होती. त्यांच्यासाठी तो दसरा नाही, तो धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, अशोक विजयादशमी आहे. रांगेत उभ्या माणसाला आपट्याचं पान देऊन यादीतलं वाक्य म्हणायचं, की ‘जय भीम’ म्हणायचं, हे नागपूरकराला कुणी शिकवावं लागत नाही. काही जण हा दिवस तिथीनं पाळतात, काही तारखेनं, कित्येक जण दोन्ही दिवशी दीक्षाभूमीवर जातात. घटना साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, तारीख लिखित, साक्षीदार लाखोंनी, तरीही दिवस दोन.