फ्यूज उडतोय? चांदी गुंडाळा म्हणे!

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, गाडीत गाणी लावली की दहा मिनिटांत जळका वास येतो. स्पीकर नवीन आहेत, म्हणून येत असेल का?"

नव्या स्पीकरला जळका वास येत नाही. संध्याकाळी जाऊन गाडी बघितली. स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सचं झाकण उघडलं, तर एका लाल फ्यूजच्या दोन्ही पात्यांवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घट्ट गुंडाळलेली. भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून खाली ओघळलेलं. "हे कुणी शिकवलं?" विचारलं, तर साहेबांनी मोबाइल पुढे केला.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. "कारमध्ये म्युझिक सिस्टीम बसवताय? दुकानदार आणि विमा कंपन्या लपवतात त्या ६ गोष्टी." त्या सहा अशा: खोक्यावर वॅट जास्त तीच सिस्टीम घ्या. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका, नाहीतर चांदी गुंडाळा. हँडब्रेकची वायर बॉडीला जोडा, चालत्या गाडीतही व्हिडिओ दिसतो. पिवळी आणि लाल वायर एकत्र करा, चावी न लावता गाणी वाजतात. विमा कंपनीला काही कळवू नका, गाडीच्या विम्यात सिस्टीम आपोआप येते. आणि बिल जपायची कटकट नको, चोरी झाली तर फोटो पुरतो. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि खाली "जनहितार्थ".

जनहित! बरं.

वॅटपासून सुरुवात करतो, कारण फ्यूजचं रामायण तिथूनच सुरू होतं. भाच्याच्या डेकच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरच्या, खोक्यावर "५२ वॅट × ४" छापलंय, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५२. हा आकडा अगदीच हवेतून काढलेला नाही, एवढं नाइलाजाने मान्य करतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.४ धरतात, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ गुणिले १४.४, भागिले ४, उत्तर ५१.८४. झाले ५२! फक्त एवढी शक्ती निघते ती सिग्नलचा पार चौकोन झाल्यावर, म्हणजे आवाज फाटून कानात खडे वाजायला लागल्यावर. गाणं गाण्यासारखं ऐकायचं असेल तर बघायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा. त्यासाठी सीटीए-२००६ नावाचं मानक आहे: १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि आवाजाची विकृती (मूळ सिग्नलमधला बिघाड) १ टक्क्याच्या आत ठेवून मोजणी. तसं मोजलं की हेच ५२ वॅट साधारण १५ ते २२ वर येऊन बसतात. मानकाचं नाव विसरलात तरी चालेल, डेकच्या पाठीवरचा फ्यूज बघा. भाच्याच्या डेकला १० अँपिअरचा आहे. १४.४ गुणिले १० म्हणजे १४४ वॅट. आत सतत १४४ च्या वर जाऊ शकत नाहीत आणि बाहेर ५२ चोक २०८ निघतात? असा डेक मिळाला तर मलाही एक आणा, घराचं वीजबिल वाचेल.

तर भाच्याला ५२ वॅट काही ऐकू येईनात. म्हणून त्याने वूफर घेतला, सीटखाली अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, ठेवला आणि अँपची वायर डेकच्याच पिवळ्या वायरला पिळून जोडली. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर ओढायचा कंटाळा! फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. आणि तेवढ्यात हा मेसेज आला.

फ्यूज डेकला वाचवण्यासाठी असतो असं बहुतेकांना वाटतं. तो मुख्यतः वायरला वाचवतो. डॅशबोर्डमागून गेलेली बारीक वायर जेवढा करंट पेलते, त्या हिशेबाने फ्यूज ठरतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. १० च्या जागी ३० चा फ्यूज टाकलात तर तो फ्यूज निवांत बसतो आणि वायर तापत राहते. चांदी गुंडाळली तर मर्यादाच उरत नाही. मग सगळ्यात आधी जे वितळेल तोच तुमचा फ्यूज, आणि ते वितळणार कार्पेटखाली किंवा डॅशबोर्डमागे, जिथे तुमचा हात पोचत नाही. म्हणून तर या फ्यूजना रंग दिलेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. उडाला तर त्याच रंगाचा टाकायचा. पुन्हा उडाला तर तो का उडतोय ते शोधायचं. अँपला बॅटरीपासून थेट वायर, त्या वायरवर बॅटरीजवळच फ्यूज आणि पत्र्याच्या भोकातून वायर आत घेताना भोकाच्या कडेला रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट. ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्ह असतो, उघडी तार त्याला टेकली की शॉर्टसर्किट, पुढचं सांगायला नको.

हँडब्रेकच्या वायरबद्दल फार बोलत नाही. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे बघितलंत की ३३ मीटर आंधळेपणाने. मुलांना मागे सिनेमा बघायचा असेल तर मागच्या सीटसाठी वेगळे पडदे मिळतात. पिवळी-लाल जोडणीने चावीशिवाय गाणी वाजतात हे खरं आहे. पिवळीला बॅटरीचा करंट कायम असतो, लालला चावी फिरवल्यावर. दोन्ही जोडल्या की गाडी बंद केल्यावरही डेक जागा राहतो, आणि तो हाताने बंद करायला विसरलात की सकाळी गाडी ढकलायला शेजारी शोधा.

आता विमा. "आपोआप येते" हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच जास्त चीड येते. कंपनीतून बसून आलेली सिस्टीम गाडीच्याच किमतीत धरलेली असते, तिचं वेगळं सांगावं लागत नाही. तुम्ही नंतर बसवलेली सिस्टीम मात्र विमा कंपनीच्या लेखी ॲक्सेसरी. ती किंमत सांगून पॉलिसीत नोंदवून घ्यायची आणि जास्तीचा प्रीमियम भरायचा. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर हात हलवत परत या. अजून एक गोष्ट कबूल करतो. साधा स्वस्त डेक असेल तर क्लेममधून डिडक्टिबल (तुम्ही स्वतः सोसायचा वाटा) आणि घसारा वजा जाऊन हातात काय उरतं याचा हिशेब आधी करा. कधी कधी खरंच काही उरत नाही. पण मग चोरीचं नुकसान सोसायची तयारी ठेवा. "कळवू नका, तरी मिळेल" हा हिशेब नव्हे, थाप आहे.

ही लपवाछपवी नवी नाही. १७६६ सालचा लंडनमधला एक खटला आहे, कार्टर विरुद्ध बोहेम. सुमात्रातल्या मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर याने किल्ला परक्या शत्रूने घेतला तर, म्हणून विमा उतरवला. फ्रेंचांनी तो खरंच घेतला. विमा देणारा बोहेम म्हणाला, किल्ला कच्चा आहे हे माझ्यापासून लपवलं. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व घालून दिलं की जी माहिती फक्त विमेदाराला असते, ती त्याने दडवायची नाही. गंमत म्हणजे निकाल लागला कार्टरच्या बाजूने, कारण जे विमा देणाऱ्याला स्वतःला कळू शकत होतं ते न सांगणं म्हणजे लपवणं नाही. पुढे देशोदेशी हे नियम सैल-घट्ट झाले, पण हा फरक आजही कामाचा आहे. फ्रेंच येऊ शकतात हे जगाला माहीत होतं. तुमच्या सीटखाली अँप आहे हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?

आणि आग लागली तर सर्व्हेअर फ्यूज बॉक्स उघडून बघणारच. वाहन विम्यात निव्वळ इलेक्ट्रिकल बिघाड सहसा वगळलेला असतो. त्यात चांदी सापडली की वाद कुठून सुरू होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

राहिलं बिल. फोटोवरून वस्तू होती एवढं कळतं. कितीची, कधीची आणि कुणाची ते बिल सांगतं. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, संपलं.

भाच्याची चांदी काढली, अँपची वायर सोडवली, लाल फ्यूज टाकला. सिस्टीमची नोंद करण्यासाठी त्याने विमा कंपनीला माझ्यासमोर मेल केला. मग विचारलं, मेसेज पुढे किती जणांना पाठवलास? म्हणाला, चौदा. त्या चौदाही जणांना त्याला लिहायला लावलं: "तुमच्या डेकच्या फ्यूजचा रंग कोणता?"

आतापर्यंत तिघांची उत्तरं आलीत. एक निळा, एक लाल. तिसऱ्याने लिहिलंय, चंदेरी.